पासिंगपुरते टायर

कुंभिवलीच्या ज्या कारखान्यातून मी अकरा वर्षं पुठ्ठ्याचे रोल भिवंडीला, अधूनमधून वर घाटावरही, पोचवत होतो, त्याच्या फाटकावर दिवाळीच्या आधी एक कागद चिकटला. दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी पुढच्या महिन्याच्या अखेरीनंतर आत सोडली जाणार नाही, असं त्यावर छापलं होतं. माझी गाडी चौदा वर्षांची. मी कागद दोनदा वाचला आणि वॉचमनला विचारलं, हे सगळ्यांसाठी आहे ना? तो म्हणाला, "सगळ्यांसाठीच हाय. पण एवढी म्हातारी गाडी तुमची एकट्याचीच हाय."

त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. गाडी फिरवली आणि दहिवलीला घरी आलो.

मी एका गाडीचा मालक आणि त्याच गाडीचा ड्रायव्हर. त्याआधी सोळा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. दुसऱ्याची गाडी चालवणं म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. डिझेल जास्त गेलं की संशय आपल्यावर, आरसा फुटला की पगारातून, बहिणीच्या लग्नाला सुट्टी मागितली की "बदली माणूस देऊन जा". एक्कावन्नाव्या वर्षी मला पुन्हा तिथं जायचं नव्हतं. नवी गाडी आली तरच कारखान्यातला माझा नंबर टिकणार होता, आणि नवी गाडी कर्जाशिवाय येणार नव्हती. जुनी गाडी शोरूमला बदल्यात द्यायची, तिची जी किंमत लागेल तो माझा हिस्सा, बाकीचं फायनान्स कंपनी देणार, असं ठरलं. म्हणजे शोरूमवाल्यानं ते पाच मिनिटांत ठरवलं, आणि माझा पुढचा सगळा महिना त्यात गेला.

फायनान्सवाल्या मॅडम खोपोलीहून स्कूटरवर यायच्या. पस्तिशीच्या असतील. आल्या की हेल्मेट काढून चहाच्या कपाशेजारी ठेवायच्या आणि मोबाईलमधली यादी वाचायला लागायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काका, महिन्याचं उत्पन्न किती?"

मी म्हटलं, "कुठल्या महिन्याचं?"

"साधारण सांगा."

साधारण महिना मी आयुष्यात पाहिलेला नाही. पावसाळ्यात दरड आली की दोन दोन दिवस घाटाखाली बसून काढायचे, गणपतीत अवजड गाड्यांना बंदी, मार्चमध्ये मात्र कारखान्याला एवढी घाई की अंघोळीला घरी यायला मिळत नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच्याच मनानं काहीतरी टाइप केलं.

मग पत्त्यांवर घोडं अडलं. आधारवर दहिवली. लायसनवर डोंगराकडचं आमचं मूळ गाव. गाडीच्या आरसी बुकावर खालापूरची भाड्याची खोली, जिथं आम्ही चार वर्षं राहिलो आणि जी आता पाडून तिथं ढाबा झालाय. लाईट बिल वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन नऊ वर्षं झालेली. मॅडमनी सगळे कागद ओळीनं मांडले आणि विचारलं, "हे सगळे तुम्हीच ना?"

"लाईट बिल सोडून सगळा मीच," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाल्या. प्रतिज्ञापत्रासाठी कर्जतला दोन फेऱ्या झाल्या, कारण पहिल्या फेरीला मी वडिलांचा मृत्यूचा दाखला विसरलो. कारखान्याचं कामाचं पत्र मिळवायला चार फेऱ्या झाल्या, कारण पत्र देणारा कारकून जेवायला गेलेला असायचा. जेवायला तो नेमका कुठल्या गावाला जात होता कोण जाणे. बँकेत सही जुळेना. वीस वर्षांपूर्वीची माझी सही बँकेकडे होती, गोल गोल, शाळेतल्या पोरासारखी. स्टेअरिंग धरून धरून बोटं अशी झालीत की आता पेन धरला तर पाना धरल्यासारखा धरला जातो. काउंटरवरच्या बाईंनी मला त्यांच्यासमोर सहा वेळा सही करायला लावली. सहापैकी दोन एकमेकींशी जुळल्या, त्यावर त्यांनी समाधान मानलं. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी ती फाईल फुगत चालली होती.

या सगळ्या फेऱ्या मी खेपा सांभाळून करत होतो. पहाटे भिवंडीला माल उतरवायचा, परत येऊन गाडी लावायची, तोंडावर पाणी मारायचं आणि फाईल बगलेत मारून निघायचं. घाटात गाडी चढवताना मी कधी एवढा थकलो नाही. गाडी चालवताना निदान आपण पुढं जातोय हे कळतं. इथं मी त्याच त्याच बाकड्यांवर बसत होतो.

जामीनदार म्हणून बायकोचा भाऊ उभा राहिला. तो माथेरानला एका हॉटेलात आचारी आहे. सीझनमध्ये त्याला खाली यायला सुट्टी मिळेना, म्हणून फाईल घेऊन मीच वर गेलो. दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी, पुढं पायी, लाल धुळीत, घोड्यांच्या मधून वाट काढत. भटारखान्याच्या मागं उभं राहून त्यानं कढईवरचं लक्ष न काढता नऊ ठिकाणी सह्या केल्या. वाटेत पाऊण तास फाईल छातीशी धरून चाललो होतो तरी कागदांच्या कडा लाल झाल्याच. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "हे लाल काय लागलंय?" बायको म्हणाली, "माथेरान लागलंय." तेव्हा मॅडम पहिल्यांदा हसल्या.

बायकोबद्दल सांगायला हवं. कर्जाला नवऱ्याबरोबर बायकोही लागते. सह-अर्जदार म्हणतात. माझी बायको सातवी शिकलेली. पहिल्या दिवशी तिच्यापुढं कागद सरकवताना मॅडम म्हणाल्या, "काकू, वाचून सही करा." असं सगळेच म्हणतात आणि कुणी वाचत नाही. बायकोनं चष्मा शोधून आणला, जमिनीवर मांडी घातली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. मॅडमचा चहा गार झाला. हप्ता थकल्यास वाहन ताब्यात घेण्याचा अधिकार, ही ओळ तिनं तीनदा वाचली.

"म्हंजे दारातनं नेतील?"

"हो काकू."

"सांगून नेतील का न सांगता?"

"आधी नोटीस येते."

"मंग ठीक हाय," असं म्हणून तिनं सही केली. पुढच्या पानाला पुन्हा बोट. मला लाज वाटत होती, म्हणून मी उगाच बाहेर जाऊन गाडीची काच पुसत बसलो. मॅडमनी मात्र एकदाही घाई केली नाही. उलट दुसऱ्या वेळेपासून त्या सह-अर्जदाराचे कागद आधी काढायला लागल्या, म्हणजे काकूंचं वाचून होईपर्यंत बाकीचं आवरेल.

आता टायरचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच येऊन बसलं.

ट्रकला ठरावीक मुदतीनं पासिंग करून घ्यावं लागतं. आरटीओचा माणूस गाडी तपासतो, ब्रेक, लाईट, टायर, आणि मग गाडी रस्त्यावर चालवायचा दाखला मिळतो. टायर गोटा झालेले असले, म्हणजे टकलासारखे गुळगुळीत, तर पासिंग होत नाही. आमच्या स्टँडवर आम्ही सातआठ जण एकेका गाडीचे मालक. सहा टायर एकदम नवे घेणं कुणालाच झेपत नाही. मग रीत अशी पडलीय की ज्याचं पासिंग, त्याला ज्याचे टायर चांगले असतील त्यानं एका दिवसापुरते द्यायचे. आदल्या संध्याकाळी डिस्कसकट चाकं अदलाबदल करायची, दुसऱ्या संध्याकाळी परत. त्याचे पैसे नाहीत, उपकार नाहीत. कायद्यानं हे चूक आहे, आणि घाटात गोटा टायरवर गाडी नेणं मूर्खपणाच आहे, हे आम्हा प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी करतो.

स्टँडवर एक जण आहे, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. माझं मोठ्या गाडीचं लायसन नवंनवं होतं तेव्हा त्याच्या शेजारी बसून मी बोरघाट शिकलो. त्याची आणि माझी गाडी एकाच कंपनीची, एकाच मापाची. तो क्रशरवरून खडी वाहतो, त्यामुळं कारखान्याच्या नियमाची त्याला झळ नव्हती. माझी गाडी तीन वेळा त्याच्या टायरवर पास झालेली आहे. तिसऱ्या वेळी तर मुलीच्या सासरी जायचं रद्द करून त्यानं मला चाकं दिली होती.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी मी सहाही टायर नवे टाकले होते. घाटात एकदा गाडी घसरता घसरता वाचली होती, त्या भीतीनं टाकले. पुढं बदल्यात गाडी द्यायची ठरली तेव्हा शोरूमवाला म्हणाला, गाडीला काही किंमत नाही, टायरलाच आहे. म्हणजे कर्जातला माझा हिस्सा त्या टायरवरच उभा होता. मॅडमनी फॉर्म भरताना विचारलं तेव्हा मी छाती काढून सांगितलं होतं, टायर एकदम नवे आहेत. आता मॅडमनी येऊन गाडीचे फोटो काढायचे आणि वर्णनाच्या कागदावर आमच्या सह्या घ्यायच्या, एवढंच शेवटचं काम राहिलं होतं. ते गुरुवारी ठरलं होतं.

सोमवारी संध्याकाळी दादा घरी आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"उद्या पासिंग हाय रं. मुदत संपतीय."

मी म्हटलं, "चला." विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी चाकं परत, गुरुवारी मॅडम. दोघांनी मिळून दीड तासात चाकं बदलली आणि तो पहाटे माझ्या टायरवर पासिंगला गेला.

मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. रांग मोठी आहे, आज नंबर लागत नाही, उद्या सकाळी पहिला नंबर आहे, मी इथंच गाडीत झोपतो. मी म्हटलं, झोपा. अजून गुरुवार लांब होता. फोन ठेवून मी जेवायला बसलो, तर मॅडमचा फोन. महिन्याच्या फाईली उद्या दुपारी बारापर्यंत द्यायच्या आहेत, नाहीतर तुमची फाईल पुढच्या महिन्यात जाईल. मी खालापूरला आहे, अर्ध्या तासात पोचते.

पुढच्या महिन्यात गेली म्हणजे संपलंच. कारखान्याचं फाटक तोवर बंद झालं असतं. येऊ नका म्हणून सांगायला काही कारण सुचलं नाही, आणि मॅडम आल्या.

त्यांनी गाडीभोवती फिरून फोटो काढले. पुढून, मागून, आरशासकट. मग वाकून एका टायरवर अंगठा फिरवला. मग दुसऱ्यावर. सहाही टायरचे फोटो काढून झाल्यावर त्या उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही म्हणाला होतात टायर नवे आहेत. मी तसं भरलंय."

"झिजले," मी म्हटलं.

"पाच महिन्यांत?"

"घाट आहे ना."

खरं सांगणं शक्य नव्हतं, कारण दादाच्या गाडीवर याच कंपनीचं कर्ज होतं आणि त्याची फाईलही याच मॅडमकडं होती. माझे टायर कुठं आहेत हे सांगितलं की तो पासिंगच्या मैदानात दुसऱ्याच्या चाकांवर उभा आहे हेही सांगितल्यासारखंच होतं. मॅडमनी मला आणखी एकदा विचारलं, हळूच, "तुम्हाला काही सांगायचंय का?" मी नाही म्हटलं. त्यांना मी खोटारडा वाटलो असणार, आणि त्या घडीला मी होतोच.

त्यांनी वर्णनाचा कागद भरला. टायरपुढं लिहिलं, सहाही झिजलेले. खाली छापलेलं होतं, वरील वर्णन खरे आहे. मी पटकन सही करून मोकळा झालो. बायकोनं चष्मा लावला. बोट ठेवलं. चॅसी नंबर वाचला, रंग वाचला. टायरपाशी बोट थांबलं.

"हे खरं नाय," ती म्हणाली.

"काय काकू?"

"हे टायर आमचे नायत. आमचे नवे हायत. तुमी लिवलंय ती आमची गाडी नाय."

मी म्हटलं, "गप गं."

"तुमी गप ऱ्हावा. तुमची सही झाली. माझी ऱ्हायलीय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मग हे टायर कुणाचे आहेत काकू?"

मला वाटलं, आता दादा बुडाला. बायकोनं कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाली, "ते ह्या कागदात विचारलेलं नाय."

मॅडम थोडा वेळ चाकांकडं बघत राहिल्या. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे होते, चांगले चमकत होते. एवढी वर्षं ट्रकवाल्यांच्या दारात जाणाऱ्या बाईला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो कागद फाडला, माझ्या सहीसकट. "मला दिसतं ते मी लिहिते, काकू. उद्या सकाळी नऊला येते. तेव्हा जे दिसेल ते लिहीन. बारानंतर माझ्या हातात काही नाही." हेल्मेट घालून त्या गेल्या.

त्या गेल्यावर मी बायकोवर ओरडलो. शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढा. ती म्हणाली, "मी काय भावजींचं नाव घेतलं? सांजच्याला टायर येतीलच की." तेव्हा माझ्या लक्षात आलं की पासिंग पुढं गेलंय हे मी तिला सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "तर मंग मॅडमला फोन लावा. म्हणावं परत या, सही करतीय. झिजलेल्यावर करते."

"आणि गाडी?"

"गाडी जाऊ दे. दुसऱ्याची चालवा. चालवली की इतकी वर्सं."

हे तिनं मनापासून म्हटलं होतं, आणि करूनही दाखवलं असतं. खोट्यावर सही करायला जी बाई पाच मिनिटांपूर्वी तयार नव्हती, ती दादासाठी तयार झाली. मी फोन हातात घेतला. इकडे आड तिकडे विहीर, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकलो असतो, पण ते खरं नाही. विहिरीत पडायची माझी तयारी नव्हती, एवढंच. मला गाडी हवी होती. मी अंगणाच्या कडेला गेलो आणि दादाला फोन लावला.

"दादा, टायर लागतायत."

"उद्या सकाळी माझा पयला नंबर हाय रं."

"माहितीय. मॅडम नऊला येतायत."

पलीकडं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी एवढं म्हणू शकलो असतो की राहू द्या, मी बघतो. म्हटलं नाही.

"येतो," तो म्हणाला.

दिवेलागणीला तो रांग सोडून आला. बायकोनं ओट्यावरचा बल्ब लावला. आम्ही पुन्हा सहा आणि सहा चाकं काढली, बसवली. त्याचा गुडघा दुखत होता, तो दर चाकाला हात टेकून उठत होता. चहा आला तो त्यानं उभ्यानंच प्यायला. स्टँडवर दुसऱ्या कुणाचे त्या मापाचे नवे टायर नव्हते हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही, म्हणून तो विषय दोघांनी काढला नाही. माझ्या गाडीचे नट मी आवळले होते तरी त्यानं एकेकावर पाना घालून, पाय देऊन सगळे पुन्हा बघितले. "उद्या फोटो नीट काढायला सांग," म्हणाला, आणि आपले गोटा टायर घेऊन गेला.

सकाळी नऊला मॅडम आल्या. टायरवर अंगठा फिरवला, फोटो काढले, कागद भरला. एक शब्द विचारला नाही. बायकोनं सगळं वाचलं आणि सही केली. आठ दिवसांत कर्ज मंजूर झालं. जुनी गाडी टायरसकट शोरूमला गेली आणि महिना संपायच्या दोन दिवस आधी नवी गाडी दारात आली. तिला हार घातला, नारळ फोडला. लोक आले, पेढे खाल्ले. दादाही आला होता. मागं उभा राहून पेढा घेऊन गेला.

त्याची पासिंगची मुदत संपली होती. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. दाखला नसलेली गाडी क्रशरवर कुणी उभी करत नाही. तिथं त्याच्या जागी दुसरी गाडी लागली. तारीख आली तेव्हा त्याला पुन्हा टायर लागले, पण माझ्या जुन्या गाडीबरोबर ते केव्हाच गेले होते आणि नव्या गाडीची चाकं त्याच्या मापाची नव्हती. दुसऱ्यांदा त्याचं पासिंग टायरवरूनच नाकारलं, असं स्टँडवर कळलं. टायरसाठी पैसे हवेत का, असं मी त्याला विचारलं नाही. विमा, पासिंग, बॉडी, सगळं करून माझ्याजवळ काही उरलं नव्हतं हे खरं, पण विचारलं असतं तर कुठून तरी आणून द्यावे लागले असते, हेही खरं. बायको दोनदा म्हणाली, भावजींकडं जाऊन या. मी खेपांचं कारण सांगितलं. नंतर तिनं म्हणायचं सोडलं.

एकदा स्टँडवर मॅडमची स्कूटर दादाच्या गाडीशेजारी उभी दिसली. त्या त्याच्याशी बोलत होत्या, तो मान हलवत होता. मी गाडी न थांबवता पुढं नेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यानं गाडी विकून टाकली. फायनान्सची माणसं न्यायला येण्याआधी आपण होऊन विकली, असं स्टँडवर म्हणाले.

मधल्या काळात नवी गाडी बघून कारखान्यानं माझ्या खेपा वाढवल्या. आठवड्याला चारच्या जागी सहा. मी खूश होतो असं म्हणायला हवं, पण रोज घरी येऊन भिंतीला पाठ लावली की तिथंच डोळा लागायचा. अर्ज करताना वाटत होतं, एकदाचं कर्ज झालं की हा शीण जाईल. शीण गेला नाही. आता तो हप्त्याच्या तारखेनं मोजता येत होता एवढाच फरक.

पौषात एका सकाळी मी स्टँडवर गाडीची काच पुसत होतो. दादा चालत आला. त्याला चालत येताना मी फारसं पाहिलेलं नव्हतं. तो गाडीभोवती फिरला, बॉडीच्या फळ्या ठोकून बघितल्या, खाली वाकून स्प्रिंग बघितली. "चांगली हाय," म्हणाला.

मी म्हटलं, "चहा घेऊ."

"घेतलाय." मग थोड्या वेळानं, "सहा खेपा करतोस म्हणं. एकट्याला झेपतंय?"

"ओढतोय."

"मी रिकामाच हाय रं."

मी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढं धरली. मला काहीतरी बोलायचं होतं, त्या मंगळवारबद्दल, फोनबद्दल. मला वाटलं, त्यानं किल्ली घेतली की न बोलताच ते निभावेल, शेजारी शेजारी बसून घाट चढू, पूर्वीसारखं. त्यानं हात पुढं केला नाही. हात मागं बांधून, दुसऱ्याच्या दारात कामाला आलेला माणूस उभा राहतो तसा तो उभा होता.

"पगार काय देशील, शेठ?" त्यानं विचारलं.

थट्टा करत असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो उत्तराची वाट बघत होता.